३ इंच लिफ्ट, ३३ चे टायर, पाच गिअरची ऑटोमॅटिक: ४.५६ घालू की ४.८८?

चिखलवाट

नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची टोयोटा टॅकोमा, डबल कॅब, ४.० लिटर व्ही६, पाच गिअरची ऑटोमॅटिक. टीआरडी ऑफ-रोड मॉडेल असल्यामुळे मागच्या डिफला (डिफरन्शियल, एक्सलमधली गिअरपेटी) कंपनीचाच इलेक्ट्रिक लॉकर आहे, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र जखडता येतात. डिफ ३.७३ चं, म्हणजे शाफ्टच्या ३.७३ फेऱ्यांत चाकाचा एक फेरा. टायर अजून मूळ मापाचेच, २६५/७० आर१६. पुढे लोखंडी बंपर बसवून झालाय. हौद्यात प्लायवूडचे ड्रॉवर, त्यावर रॅक, रॅकवर तंबू. विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची दोरी-मोटर) थंडीत येईल. घरी अजून सांगितलेलं नाही, तेव्हा जरा हळू बोला.

वापर म्हणाल तर सोमवार ते शुक्रवार हायवेने ऑफिस, ताशी ६५ ते ७० मैल. सुट्टीला जंगलातले रस्ते, दगडधोंडे, एखादा ओढा. अधूनमधून छोटा ट्रेलर मागे असतो.

आता २८५/७५ आर१६ चे, म्हणजे साधारण ३३ इंची टायर घ्यायचं मनात आहे आणि इथून पुढे जो भेटतो तो वेगळं सांगतो. एक दुकानदार म्हणाला, ३३ चे टायर नीट बसवायचे तर ६ इंची लिफ्ट किटच (गाडी उंच करणारं) घ्या, ३ इंचात घासणार. ऑफिसात एकाकडे अशीच गाडी आहे, त्याने डिफमध्ये ४.८८ चे गिअर घातलेत आणि तो दुसरं काही ऐकूनच घेत नाही. गिअरचा रंगीत तक्ता उघडला तर माझ्या टायरसमोर ४.१० वर हिरवा रंग. सासरे आयुष्यभर ट्रक चालवत आले, त्यांचं म्हणणं, गाडी आहे तशी ठेव आणि पेट्रोल भर.

तर लिफ्ट किती, गिअर कुठला, आणि गिअर खरंच लागतात का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

सरळरेष

मी ह्याच इंजिनावर २८५/७५ आणि ३.७३ ने चालवतो. गिअरला हात लावलेला नाही. गाडी रिकामी असते, बंपर मूळचा, तंबू नाही, ट्रेलर नाही. सपाट रस्त्यावर काही कळतसुद्धा नाही. चढ आला की लिव्हर ४ वर ओढायचा, चढ संपला की परत डी मध्ये. दोन्ही डिफ उघडून गिअर बदलायचे म्हणजे टायरपेक्षा मोठा खर्च होतो. आधी टायर घाला, चालवून बघा, मग ठरवा. सासऱ्यांना माझा नमस्कार.

पिनियनताई

सरळरेष म्हणतात ते त्यांच्या गाडीपुरतं खरं आहे. तुमची गाडी रिकामी नाही, आणि विंच आल्यावर तर अजिबातच नाही.

क्रम मात्र आधी सुधारून घेऊ. टायर ठरला की त्या टायरला लागेल तेवढीच उंची, आणि गिअर सगळ्यात शेवटी. लोक आधी लिफ्ट किट घेतात, मग त्या रिकाम्या दिसणाऱ्या मडगार्डमध्ये शोभावा म्हणून टायर घेतात, आणि मग गाडी ओढत नाही म्हणून गिअरला हात घालतात. माझ्या गॅरेजमध्ये डिफ घेऊन येणाऱ्यांतले निम्मे ह्याच वाटेने आलेले असतात.

लिफ्टचा विषय आधी संपवते. मागच्या डिफखालची जागा लिफ्टने तसूभरही वाढत नाही, कारण एक्सल चाकांवर उभा असतो. ती जागा फक्त टायर वाढवतो, आणि तीही व्यासातल्या फरकाच्या निम्मी. तुमच्याकडे ती जेमतेम १.१ इंच वाढेल. लिफ्टचा उपयोग दोनच ठिकाणी: टायर मडगार्डमध्ये मावायला, आणि बंपर-चॅसी दगडावरून सुटायला. ६ इंची किटमध्ये पुढचा क्रॉसमेंबर (चॅसीची आडवी पट्टी) कापून, ब्रॅकेट लावून अख्खं डिफ आणि कंट्रोल आर्म (चाक धरणारे दांडे) खाली आणतात. म्हणजे गाडी वर गेली आणि पुढचं लोखंड परत खाली आलं. ३५ आणि त्यावरच्या टायरसाठी त्याला अर्थ आहे. ३३ साठी तुम्ही फक्त गाडीचा तोल आणि चढण्या-उतरण्याचं सुख गमावाल.

पुढे अडीच ते तीन इंच, चांगला कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकत्र) आणि त्याच्यासोबत वरचे कंट्रोल आर्म. ह्याच्या वर गेलात की सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन इतका तिरका होतो की त्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर यायला लागतं. शॉकच्या डोक्यावर बसवायची चकती, म्हणजे स्पेसर, स्वस्त असते; पण खड्ड्यात चाक लटकलं की आतून ठक्क आवाज येऊ शकतो. मागे पाट्यांचा पूर्ण नवा संच घ्या. ठोकळे ठेवून उंची वाढवणं मला पटत नाही, ब्रेक लावला की एक्सल त्या ठोकळ्यावर पीळ खातो. यू-बोल्ट जुने वापरू नका, एकदा ताणलेला बोल्ट परत तसा बसत नाही. ब्रेकच्या नळ्या चाक पूर्ण खाली लटकवून तपासा. तुमच्या डबल कॅबला प्रॉपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मधलं बेअरिंग चॅसीला टांगलेलं. मागची उंची वाढली की सिग्नलवरून सुटताना गाडी थरथरते ती तिथे. बेअरिंगच्या ब्रॅकेटखाली थोडी जाडी देऊन ते खाली आणलं की बहुतेकदा थांबतं.

स्प्रिंग निवडायच्या आधी गाडी वजनकाट्यावर न्या. तंबू, ड्रॉवर, भरलेली टाकी, माणसं, सगळं घेऊन. पुढचा एक्सल वेगळा, मागचा वेगळा. विंचचं वजन कागदावर मिळवा. पुढची स्प्रिंग ह्या वजनाला हवी. रिकाम्या गाडीची स्प्रिंग घेतलीत तर ३ इंचाचे दीड होतील आणि मग लोक प्रीलोड आवळून, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून, उंची मिळवतात, गाडी फळीसारखी आदळते. शिवाय लक्षात ठेवा, पाटे जाड केले म्हणून कंपनीने ठरवलेली वजनाची कमाल मर्यादा वाढत नाही. ब्रेक, एक्सल, चॅसी तेच असतात.

आता गिअर. २६५/७० आर१६ चा व्यास असा निघतो: २६५ चे ७० टक्के म्हणजे १८५.५ मिलिमीटर, ही टायरची भिंत वर एक आणि खाली एक, मिळून ३७१, त्यात १६ इंचाची रिम. ३०.६ इंच. तसाच २८५/७५ चा काढा, ३२.८ येतो. टायरवाले ज्याला ३३ म्हणतात ते हेच, आणि गाडीच्या वजनाखाली ते आणखी दबतं. कंपनी एका मैलात किती फेरे ते छापते, अगदी नेमका हिशोब हवा तर तो आकडा घ्या. तुलना करायला छापील व्यास पुरतो, कारण दबतात दोन्ही टायर.

३२.८ भागिले ३०.६ म्हणजे १.०७. ३.७३ ला त्याने गुणलं की बरोबर ४.०० च्या आसपास. म्हणून तक्ता ४.१० ला हिरवं दाखवतो, आणि तक्ता खोटं बोलत नाही. फक्त त्याला तुमचा बंपर, तंबू आणि थंडीतलं गुपित दिसत नाही. टायरचं स्वतःचं वजनही दिसत नाही. ह्या मापाचे बरेच टायर ई वर्गाचे, दहा प्लायवाले असतात, मूळ टायरपेक्षा कितीतरी जड, आणि ते वजन अगदी बाहेरच्या कडेला फिरतं. सुटताना आणि थांबताना दोन्ही वेळा ते जाणवतं. थांबताना जास्त, आणि त्यावर गिअर काही करू शकत नाही.

हे आकडे बघा. ताशी ६५ मैल, पाचवा गिअर, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक झालेला. सूत्र: मैल गुणिले डिफचा रेशो गुणिले गिअरचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. तुमचा पाचवा ०.७१६ चा आहे, चौथा बरोबर १.

आज, मूळ टायर, ३.७३: साधारण १,९०५ आरपीएम
नवे टायर, ३.७३: १,७८०
नवे टायर, ४.१०: १,९५५
४.३०: २,०५०
४.५६: २,१७५
४.८८: २,३२५

१,७८० वर हे इंजिन सपाटीला शांत चालतं, सरळरेष यांचा अनुभव तोच. पण तिथे त्याच्या हातात शिल्लक काही नसतं. समोरून वारा आला, जरासा चढ आला, की कन्व्हर्टरचा लॉक सुटतो, मग चौथा पडतो आणि काटा एकदम २,४८५ वर. चढ संपला, परत पाचवा. पुढच्या टेकाडाला परत तेच. दिवसभर असं चाललं की ऑटोमॅटिकचं ऑइल तापत राहतं. मोठ्या टायरने गिअरबॉक्स गेला असं लोक सांगतात ना, माझ्या मते त्यातले बरेच ह्या वरखालीने गेलेले असतात.

४.५६ वर तुमची भरलेली गाडी बहुतेक टेकाडं पाचव्यातच ओढून नेईल, आणि चौथा पडलाच तर ३,०४० वर, जिथे इंजिन खुशीत असतं. ४.८८ वर ६५ ला वाईट नाही, पण तुम्ही ७० म्हणालात आणि मोकळ्या रस्त्यावर ७५ होतंच. तिथे ४.८८ चा काटा २,६८५ दाखवेल. रोज ऑफिसला हा आवाज ऐकायचा का, ते तुम्ही ठरवा. मी ४.५६ घालीन.

अपवाद एकच. पुढच्या काही वर्षांत ३५ चे टायर येणार असतील तर आजच ४.८८ घाला. ३५ म्हणून विकला जाणारा टायर मोजला तर साधारण साडेचौतीस भरतो, आणि त्यावर ६५ ला ४.८८ चा काटा २,२१५ च्या आसपास येतो. म्हणजे ३३ वर ४.५६ जे देतो तेच. डिफ दोनदा उघडणं परवडत नाही.

ताकदीचं म्हणाल तर ३.७३ मध्ये पिनियनला (डिफमधला लहान गिअर) ११ दात आणि क्राउनला (मोठा गिअर) ४१. ४.५६ मध्ये ९ आणि ४१. ४.८८ मध्ये ८ आणि ३९. क्राउनचा आकार घराने बांधलेला, म्हणून रेशो वाढला की पिनियन बारीक होत जातं. तुमच्या वापराला ८ दातही पुरतील. दगडात अडकलेलं चाक ॲक्सिलरेटर तळाला दाबून उडवायची सवय असेल तर ९ बरे.

उंचसखल

ताई, गणित मान्य, पण एक गोष्ट सुटली. चिखलवाट, तुमचे जंगलातले रस्ते किती उंचीवर आहेत?

टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद सोडतं. मी जिथे जातो त्या वाटा ८-९ हजार फुटांवर आहेत, म्हणजे पाव इंजिन खालीच राहिलं. तिथे माझ्या गाडीला, ह्याच इंजिनाला, ४.५६ वर पाचवा फक्त उतारावर मिळायचा. ४.८८ घातल्यावर पाचवा परत वापरात आला. गंमत म्हणजे मायलेज बिघडलं नाही, कारण आधी अर्धा वेळ चौथ्यातच जात होता.

दुसरं, लो रेंज, म्हणजे ४ बाय ४ चा हळू चालायचा गिअर. पहिला ३.५२, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) २.५७, डिफ ३.७३, गुणून क्रॉल रेशो ३४ च्या आत. ४.५६ ला तो ४१ होतो, ४.८८ ला ४४. ऑटोमॅटिकला खडकाळ उतारावर इंजिन ब्रेक कमीच, तिथे ह्या तीन आकड्यांचा फरक पायाला कळतो. ब्रेक गरम न होता गाडी आपली आपण उतरते.

हायवेच्या आवाजाचं म्हणाल तर मड टायर घातल्यावर इंजिन ऐकू येतंय कोणाला!

पिनियनताई

उंचीचा मुद्दा बरोबर, आणि तो मी विचारायला हवा होता असं म्हणा. समुद्रसपाटीच्या हजार-दोन हजार फुटांत राहणाऱ्याने मात्र तुमचं बघून ४.८८ घालू नये. पहिला गिअर इतका आखूड होतो की सिग्नलवरून सुटलं न सुटलं तोच दुसरा पडतो.

चिखलवाट

वा, एका दिवसात इतकं! मी राहतो ती जागा आठशे फुटांवर आहे, आणि जंगलातले रस्ते फार तर साडेतीन हजार फूट. ३५ चे टायर नकोत, गॅरेजच्या दाराखालून तंबूसकट गाडी जायची पंचाईत आत्ताच आहे. तेव्हा ४.५६ कडे कल.

पण ताई, आणखी विचारतो. ४ बाय ४ मी क्वचित लावतो, मग पुढचं डिफ तसंच ठेवून फक्त मागचं बदललं तर? पुढचं काम जास्त महाग सांगतायत. आणि गिअर बसवणारा चांगला आहे हे ओळखायचं कसं? इथे दोघांनी हो म्हटलंय, एक जण म्हणतो एका दिवसात देतो.

पिनियनताई

पुढचं तसंच ठेवून चालणार नाही. तुमच्या ट्रान्सफर केसमध्ये मध्यभागी डिफ नाही, ४ बाय ४ लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र जखडले जातात. ४.५६ आणि ३.७३ मध्ये २२ टक्क्यांचा फरक. कोरड्या रस्त्यावर काही फुटांत सगळं पीळ खाऊन बसेल, चिखलात टायर घसरून वेळ मारून नेतील, आणि नेमकं जिथे गरज असेल तिथे काहीतरी तुटेल. पुढे ४.१० आणि मागे ४.११ असा बारीक फरक चालतो, ह्याच्या पलीकडे नाही. ह्याच कारणाने स्टेपनीही नव्याच मापाची लागते, आणि तिची खालची जागा आधी मोजून घ्या.

पुढचं काम महाग का, तर मागच्या डिफचा आतला सगळा संच समोरून बोल्ट काढून एकत्र बाहेर येतो, टेबलावर ठेवून सावकाश बसवता येतो. पुढचं दोन अर्ध्या शिंपल्यांसारखं मिटणारं ॲल्युमिनियमचं घर आहे, ते गाडीतून उतरवावं लागतं आणि प्रत्येक शिम (जुळवणीची पातळ चकती) बदलताना परत उघडावं लागतं. बऱ्याच जणांना ते नकोच असतं.

माणूस ओळखायचा असेल तर त्याला विचारा, बेअरिंग नवे घालणार ना? जुन्या बेअरिंगवर नवे गिअर बसवणारा मला चालत नाही. मग विचारा, रंगाच्या ठशाचा फोटो देणार का. गिअरच्या दातांना रंग लावून फिरवला की दात कुठे टेकतो ते दिसतं. तो ठसा दाताच्या टोकाला किंवा बुडाशी न जाता उंचीच्या मध्यावर हवा. टोकाकडे गेला तर पिनियन बाहेर राहिलं, बुडाशी गेला तर फार आत गेलं. शिम बदलून परत बघायचं. त्यानंतर बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने क्राउनच्या तीन-चार जागी मोजायची. इंचाच्या हजाराव्या भागांचा खेळ आहे हा. एका जागी ६ आणि दुसऱ्या जागी १० आले तर क्राउन वाकडा बसलाय, बहुतेक वेळा बसवायच्या जागेवर कचरा किंवा ओरखडा असतो. पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड फिरवायच्या ताकदीने मोजतात, नट किती आवळला ह्यावरून नाही. चेपणाऱ्या बाहीऐवजी, क्रश स्लीव्हऐवजी, घन स्पेसर घालतो का तेही विचारा. त्याला शिम जुळवायला वेळ जास्त लागतो पण प्रीलोड नंतर ढळत नाही.

एका दिवसात दोन्ही डिफ देतो म्हणणाऱ्याबद्दल मी काही बोलत नाही. त्याला ठशाचा फोटो मागा, उत्तर तिथेच मिळेल.

आणि उघडतोच आहोत तर पुढे लॉकर घालू का, हा प्रश्न तुम्ही विचाराल. मागचा तुमच्याकडे आहे. तुमच्या वापराला पुढचा लागत नाही. पण कधी घालायचाच असेल तर मजुरी आत्ता वाचते, नंतर परत तेवढीच जाईल.

बसवल्यावरचे पहिले काही तास फार महत्त्वाचे. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटं हळू चालवा, वेग वरखाली ठेवत, आणि गाडी उभी करून डिफ पूर्ण थंड होऊ द्या. हाताने हाउसिंगला स्पर्श करून बघा. कोमट-गरम ठीक, हात ठेववत नसेल तर बसवणाऱ्याला फोन. असं काही वेळा करा. पहिले ५०० मैल ट्रेलर नाही, जोरात खेचणं नाही. मग ऑइल बदला, निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चंदेरी पूड असणारच. डोळ्यांना दिसणारे तुकडे असले तर नाही. खेचताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर ठराविक वेगाला शीळ येत असेल तर चार दिवसांत जाईल म्हणून थांबू नका, ती जात नाही.

कॅस्टरचा भाऊ

मी अलाइनमेंटवाला, गिअरमध्ये पडत नाही. पण घासण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

२८५/७५ तुमच्या गाडीत ३ इंचावर बसतो, पण पूर्ण स्टेअरिंग वळवून चाक दाबलं की मागच्या बाजूला कॅबच्या माउंटला (कॅब चॅसीवर बसते तो आधार) टेकतो. पुढच्या बाजूला आतलं प्लास्टिक, ते गरम करून सरकवता येतं. कॅब माउंटचा कोपरा मात्र कापावाच लागतो, आणि कापून उघडा ठेवायचा नाही; वर पट्टी वेल्ड करून रंग मारायचा, नाहीतर गंज थेट चॅसीपर्यंत जातो. दुकानदाराने सांगितलेल्या ६ इंचानेही हे पूर्ण सुटत नाही, कारण तो कोपरा टायरच्या मागे आहे, वर नाही.

रिम बदलणार असाल तर ऑफसेट फार बाहेरचा घेऊ नका. चाक जितकं बाहेर तितकं ते वळताना मोठं वर्तुळ घेतं, म्हणजे माउंटला आणि बंपरला दोन्हीकडे टेकणार. तुमच्या लोखंडी बंपरची आतली कड पण मोजून घ्या.

लिफ्टनंतर कॅस्टर (चाक वळायच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) उतरतो आणि हायवेवर गाडी सरळ धरत नाही, सारखं स्टेअरिंग सांभाळत बसावं लागतं. वरचे नवे आर्म कॅस्टर परत देतात, पण चाक जरा मागे, माउंटकडे नेऊन. खालच्या आर्मच्या कॅमने (जुळवणीच्या बोल्टने) दिलेला कॅस्टर चाक पुढे ढकलतो. म्हणून मी आधी खालचे कॅम पुढे नेतो आणि उरलेलं वरच्या आर्मकडून घेतो. अलाइनमेंट करणाऱ्याला हे सांगा, नाहीतर तो स्क्रीनवर हिरवं दिसलं की गाडी सोडतो आणि तुमचं घासणं तसंच. सगळा भार गाडीत ठेवूनच अलाइनमेंट करा. आणि हेडलाइट खाली करा हो, समोरच्याने काय पाप केलंय.

चिखलवाट

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं: २८५/७५, पुढे ३ च्या आत, वरचे आर्म, मागे पाट्यांचा पूर्ण संच, आणि गिअर ४.५६. वजनकाट्यावर या शनिवारी जातो.

पण सगळं एकदम जमणार नाही. टायर आणि लिफ्ट आत्ता, गिअर तीन-चार महिन्यांनी. मधल्या काळात ३.७३ वर चालवून काही बिघडेल का? आणि स्पीडोमीटर किती चुकेल?

पिनियनताई

बिघडत नाही, ट्रेलर तेवढा लावू नका. टेकाडांच्या रस्त्यावर सरळरेष करतात तेच करा, लिव्हर ४ वर ठेवा, म्हणजे वरखाली थांबेल. पेट्रोल थोडं जास्त जाईल, गिअरबॉक्स राहील.

काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६४ च्या वर असाल. मैलही कमी मोजले जातील, म्हणून मायलेज काढताना ओडोमीटरच्या आकड्याला १.०७ ने गुणा. टायर बदलल्यावर मायलेज कोसळलं म्हणून रडणारे अर्धे लोक हे करत नाहीत. टायर बसल्यावर जीपीएसशी काटा ताडून बघा आणि गिअर बदलल्यावर परत बघा. फरक तोच राहिला तर गाडी वेग चाकांच्या सेन्सरवरून घेते, आणि दुरुस्ती फक्त टायरच्या मापाची करायची. फरक बदलला तर दोन्हींची.

आणि लिफ्ट झाल्यावर टू-व्हीलमध्ये ४०-५० मैलांच्या आसपास पुढून घोंगावल्यासारखा आवाज आला आणि ४ बाय ४ लावताच थांबला, तर टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करायला धावू नका. पुढच्या डिफच्या डाव्या बाजूला शाफ्टला आधार द्यायला एक नीडल बेअरिंग आहे, कोन वाढला की शाफ्ट त्यात हलायला लागतो. त्याच्या जागी घन बुश मिळतं. गिअरसाठी पुढचं डिफ खाली उतरेल त्याच वेळी ते घालायला सांगा, आवाज येत असो वा नसो. नंतर तेवढ्यासाठी एक्सल परत काढावा लागतो.